पिशवीतून वर चढणारा पतंग

ऑक्टोबरातली सकाळ होती. कपाशीवरचं दव अजून उतरलं नव्हतं, दोन ओळींमधून चालताना सलवार गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. दादानं काठीला बांधलेल्या कामगंध सापळ्याची लांबोडकी प्लास्टिकची पिशवी खालच्या टोकाला सोडली आणि रात्री सापडलेले पतंग तळहातावर घेऊन मोजायला लागला. करडे-तपकिरी, करंगळीच्या नखाएवढे. काही मेलेले, काही अर्धमेले. त्यांच्या पंखांची पूड त्याच्या बोटांच्या रेघांत जाऊन बसत होती. अकरा निघाले. "तीन रात्री लागोपाठ आठच्या वर आले, का फवारा मारा लागते," असं म्हणून त्यानं खिशातल्या वहीत आकडा टाकला आणि पुढच्या सापळ्याकडे वळला. पिशवी पुन्हा बांधायला मी हातात घेतली, तर आत एक जिवंत राहिलेला. पिशवीचं तोंड खाली सताड उघडं होतं, बाहेर अख्खं शेत होतं, आणि तो प्लास्टिकच्या सुरकुत्यांना धरून वर चढत होता. घसरायचा, पुन्हा चढायचा. बारीक दोऱ्यासारख्या दोन मिशा वरच्या नरसाळ्याकडे रोखलेल्या, एक किंचित पुढे, एक मागे, सारख्या थरथरत. "काऊन वं, एवढं काय पायतं त्यात?" दादानं लांबून विचारलं. मी काही बोलले नाही. पिशवी झटकली, पतंग पानांत पडला आणि दिसेनासा झाला.

तो वर का चढत होता ते मला नीट माहीत होतं. तेच टोचत राहिलं.

नरसाळ्याच्या वर, टोपीच्या आत, एक रबरी गोळी अडकवलेली असते. दादा तिला ल्यूर म्हणतो. नवीन पाकीट फोडलं तेव्हा चिमट्यात धरून मी ती नाकाशी नेली होती. रबराचा वास आला, बाकी काही नाही. त्या रबरात मुरवलेलं रसायन म्हणजे गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या गंधाची नक्कल. मादी रात्री उशिरा कपाशीच्या झाडावर बसते, पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढते आणि तो गंध वाऱ्यावर सोडते. माणसाला ही नक्कल सहजासहजी जमलेली नाही. १९६६ साली अमेरिकेत हे रसायन सापडल्याचं जाहीर झालं, कृत्रिमरीत्या तयारही केलं गेलं, पण शेतात ठेवल्यावर नर त्याच्याकडे फिरकले नाहीत. खरा गंध ओळखायला १९७३ उजाडलं. तो निघाला दोन रसायनांचा, साधारण निम्म्या-निम्म्या प्रमाणातला. दोन्हींत अणू तेवढेच, त्यांची जोडणीही तीच. एका ठिकाणचा बाक तेवढा वेगळा. रसायनशास्त्रज्ञांना जो फरक कळायला वर्षं लागली, तो नराच्या मिशीला पहिल्यापासून कळत होता.

मी पुण्यात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्या सापळ्यातले मेलेले पतंग काडेपेटीत घालून आणले आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. आधी नजरेत भरल्या त्या मिशा नव्हेतच. तोंडाशेजारून निघून डोक्यावर वळलेल्या, खवल्यांनी मढलेल्या दोन टोकदार दांड्या. पतंग-फुलपाखरांच्या या दांड्यांच्या टोकाशी एक खोलगट खड्डा असतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड ओळखणारे केस दाटीनं उभे असतात. मधोमध सोंडेची गुंडाळी. मग मिशी, म्हणजे पुस्तकातली शृंगिका. एकापुढे एक जोडलेले खंड, वरच्या अंगाला खवले, खालच्या अंगाला उघडी जागा आणि तिथे केस. लांब, आखूड, काही नुसतेच खुंट. आमच्या सूक्ष्मदर्शकाची मजल इथेच संपते. पुढचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दाखवलंय. वासाच्या केसाची भिंत म्हणजे चाळणीच. तिला मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाच्या आसपासची असंख्य छिद्रं. केस पोकळ, आत द्रव, आणि त्या द्रवात मज्जापेशींची टोकं बुडालेली. वाऱ्यावरून आलेला गंधाचा रेणू केसाच्या मेणचट पृष्ठभागावर टेकतो, छिद्रातून आत उतरतो. पण तो तेलकट, आतला द्रव पाण्याचा. तिथे एक प्रथिन त्याला पोटाशी धरून पलीकडे मज्जापेशीपर्यंत पोहोचवतं. आणि काम झालं, की गंधाचा रेणू मोडून टाकणारं विकरही तिथेच हजर असतं, म्हणजे पुढच्या क्षणाचा वास ताजा मिळावा. वास नुसता येऊन भागत नाही, तो संपलाही पाहिजे. तरच उडत्या जिवाला गंधाची वाट सापडली की सुटली, हे कळतं. वर्गात हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो, मुलींनाही ते जाणवतं.

या शोधाच्या इतिहासात मला दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक अॅडॉल्फ बुटेनांटची. लैंगिक संप्रेरकांवरच्या कामासाठी १९३९चं नोबेल मिळवलेला हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ रेशमाच्या पतंगाच्या मादीचा गंध शोधायला बसला, त्यात सुमारे वीस वर्षं गेली. १९५९ साली रसायन हाती लागलं, बाँबिकॉल. त्यासाठी पाच लाख माद्यांच्या ग्रंथी कापाव्या लागल्या आणि त्यातून निघालं ते काही मिलिग्रॅम. दुसरी गोष्ट डीट्रिख श्नायडरची. त्यानं १९५७ साली रेशमाच्या नर पतंगाची मिशी कापून घेतली, तिच्या दोन टोकांना विजेची बारीक अग्रं लावली आणि मादीच्या गंधाचा झोत सोडला. देहापासून तुटलेल्या मिशीनं विजेच्या लहरीनं उत्तर दिलं. पतंग उरला नव्हता, त्याला कुठे जायचं नव्हतं, तरी मिशी ओळख देत होती. पुढे असंही दिसलं, की नराच्या एकेका मिशीवर असे सतरा हजारांच्या घरात केस असतात आणि त्यांतली मज्जापेशी जागी व्हायला बाँबिकॉलचा एक रेणू पुरतो. एक रेणू! आपल्या नाकाला याचा अंदाजही करता येणार नाही.

अशा मिशा मी सगळ्यात आधी पाहिल्या त्या गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीत. बाबांची तिकडे बदली झाली होती आणि आमच्या घरामागे टसर रेशीम करणाऱ्या ढिवर कुटुंबांची वस्ती होती. ऐनाच्या झाडांवर अळ्या वाढवायच्या, कोष उतरवायचे, त्यांतले निवडक बियाण्यासाठी ठेवायचे. हे बीजकोष दोरीत ओवून माळा करून छपराखाली टांगलेले असत. पावसाळ्याच्या तोंडावर, संध्याकाळी, कोषाचं टोक ओलं व्हायचं आणि आतून सुरकुतलेला, भिजलेला जीव बाहेर यायचा. कोषाला लटकून पंख भरून घ्यायचा. अंधार पडेपर्यंत त्या छपराखाली हाताच्या पंजाएवढे पंख उलगडलेले असत, प्रत्येकावर काचेसारखा आरपार दिसणारा एक डोळा, आणि हवेत ओल्या पाल्याचा, काहीसा आंबूस वास. माद्या पिवळसर, जड, जागच्या हलायच्या नाहीत. नर तांबूस आणि कमालीचे अस्वस्थ. त्यांच्या कपाळावर पिसांसारख्या रुंद मिशा, दोन्हीकडे दात्यांच्या रांगा. मादीच्या मिशा त्यामानानं अगदीच चिंचोळ्या. मी तिथल्या मावशींना विचारलं होतं, हे काय खातात? "काही खात नाही पोरी. त्याले तोंडच नाही," त्या म्हणाल्या. मला ते खोटं वाटलं. एवढा मोठा जीव आणि तोंड नाही? पुढे बीएस्सीला असताना वाचलं, की ते शब्दशः खरं आहे. टसरच्या प्रौढ पतंगाचे मुखावयव खुरटलेले असतात. अळी असताना जे खाल्लं त्यावर थोडे दिवस काढायचे, मादी शोधायची आणि मरायचं. चव गेली, भूक गेली, सगळा देह जणू मिशीच्या दिमतीला ठेवलेला. गंधाच्या रेणूला पोटाशी धरणारं ते प्रथिन १९८१ साली सापडलं ते टसरच्याच अमेरिकी भाऊबंदाच्या मिशीत. तो शोधनिबंध वाचताना मला त्या छपराखालचा वास आला होता.

टसरला तोंड नाही, पण ज्यांना आहे त्यांचं तोंडही तितकंच नवलाचं. माशी ताटाच्या कडेवर बसते, चालता चालता थबकते आणि सोंड खाली टेकवते. ती का थबकली? तिनं पायानं चव घेतलेली असते. चवीचे केस तिच्या पायांवर आहेत, सोंडेच्या टोकाच्या पाळ्यांवर आहेत. वासाच्या केसाला भिंतभर छिद्रं, चवीच्या केसाला मात्र एकच, अगदी शेंड्यावर. कारण चव घ्यायची तर टेकावंच लागतं. एकेका केसात मोजक्या मज्जापेशी, एकीला गोड कळतं, एकीला खारट, एकीला पाणी, एकीला नुसता स्पर्श. फळांवरच्या चिमुकल्या माशीची ही चव-वासाची यंत्रणा कशी घडते, हे उलगडण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसतो याचं मला वाईट वाटतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकींनी १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. तिथे व्हेरोनिका रॉड्रिग्ज आल्या. गोव्याचं कुटुंब, जन्म केनियातला, शिक्षण युगांडा आणि आयर्लंडमध्ये. सिद्दिकींचं काम वाचून त्या थेट मुंबईला आल्या. दोघांनी मिळून चव किंवा वास यांत जन्मजात उणीव असलेल्या माशा निवडून काढल्या आणि ती उणीव कुठल्या जनुकात आहे ते शोधलं. त्यावरचा त्यांचा निबंध १९७८चा. पुढे त्यांना अशी माशी मिळाली, की जिला ठरावीक प्रकारच्या साखरा ओळखता येत नव्हत्या, बाकी चवी ठीक. म्हणजे जिभेवरचं 'गोड' एकसंध नाही, त्याच्या आत दारं वेगवेगळी आहेत, हे एका माशीच्या सोंडेवरून कळलं. १९८८ साली रॉड्रिग्जनी माशीच्या मेंदूत वेगवेगळ्या वासांना वेगवेगळ्या जागा जाग्या होतात हेही दाखवलं. माशीची सगळी जनुकं अजून वाचून झालेली नव्हती तेव्हाचं हे काम आहे. माझ्या वर्गात या दोघांची नावं प्रत्येक मुलीच्या वहीत असतात.

डासाचं तर विचारूच नका. सोंडेशेजारच्या दोन आखूड दांड्यांवरचे केस आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड टिपतात, त्यावरून मादी माग काढते. नराच्या झुपकेदार मिशा वासापेक्षा ऐकण्यासाठी; मिशीच्या बुडाच्या फुगीर खंडात हजारो संवेदी पेशींचं इंद्रिय असतं, मादीच्या पंखांचा सूर ते पकडतं. बाल्टिमोरच्या ख्रिस्तोफर जॉन्स्टन या डॉक्टरनं १८५५ साली त्याचं वर्णन केलं, अजून त्याचंच नाव चालतं.

झुरळाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. घरातलं लहान तपकिरी झुरळ मारायला जेलचे ठिपके देतात. त्यात विष असतं आणि वर गोडीसाठी ग्लुकोज. काही वर्षं असं गोड आमिष छान चाललं. मग काही ठिकाणची झुरळं ठिपक्याजवळ यायची, तोंड लावायची आणि मागे उडी घ्यायची. १९९३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की ती विषाला नव्हे, ग्लुकोजलाच टाळतायत आणि ते आनुवंशिक आहे. २०१३ साली कारणही कळलं. या झुरळांच्या तोंडाजवळच्या चवीच्या केसांत कडू ओळखणारी जी मज्जापेशी असते, ती ग्लुकोजलाही कडू म्हणून दाद द्यायला लागली होती. मला हे वाचून शहारा आला. आपण त्यांच्या चवीवर डाव टाकला आणि काही पिढ्यांत चवच बदलली. जपानातल्या चहाच्या मळ्यांतही असंच घडलं. पतंगाच्या मादीचा कृत्रिम गंध मळाभर पसरवून नरांना मादी सापडू द्यायची नाही, ही युक्ती वर्षानुवर्षं वापरली, त्यात गंधाचा एकच घटक होता. शेवटी त्या धुक्यातूनही मादी शोधणारे नर निपजले. पूर्ण मिश्रण वापरल्यावर गाडी पुन्हा रुळावर आली. मिशी आणि तोंड यांना कायमचं फसवता येत नाही, म्हणजे त्या एका जिवाला येतं, त्याच्या कुळाला येत नाही.

आणि तरीही दादाच्या शेतात सापळे लागलेच पाहिजेत, असं मी ठामपणे म्हणेन.

२०१७ साल आमच्या जिल्ह्यातला कुणी विसरलेला नाही. अळीला रोखण्यासाठीच आणलेल्या बीटी कपाशीला बोंडअळी दाद देईनाशी झाली होती, पीक डोक्याच्या वर वाढलेलं, किडी वाढलेल्या, आणि फवारणी करता करता यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. फवारा डोक्याच्या उंचीवर मारायचा म्हणजे निम्मं अंगावर येणार. शिवाय गुलाबी अळी अंड्यातून निघाली की लगेच बोंडात शिरते, शिरल्याचं छिद्र भरून येतं, मग बाहेरून कितीही फवारा, आत ती सुखरूप सरकी खात असते. फुलात शिरली तर पाकळ्या उमलतच नाहीत, मिटून राहतात. त्या डोमकळ्या वेचून नष्ट करायच्या. अशा अळीसाठी, कधी फवारायचं आणि मुख्य म्हणजे कधी फवारायची गरज नाही, हे सांगणारा सापळा माणसाचा जीव वाचवतो. तेव्हा त्या वर चढणाऱ्या पतंगासाठी जीव कळवळला म्हणून सापळा वाईट ठरत नाही. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात. विषात निदान एक उघडपणा आहे. सापळ्यात त्या जिवाकडचं जे सर्वांत नेमकं, सर्वांत खरं, तेच त्याच्यावर उलटवलेलं असतं. त्याला शंका घेता येत नाही. मिशी सांगते आहे मादी वर आहे, तर ती वर आहे.

कोकणातला रक्षक सापळा मला कमी टोचतो, ते बहुधा यामुळेच. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं आंब्याच्या फळमाशीसाठी तो काढला, त्यात मिथाइल युजेनॉल असतं. हा माग बिहारमधल्या पुशाच्या संशोधन संस्थेत लागला. डास पळवायला वापरलेल्या सिट्रोनेला तेलावर फळमाशा येतात, आणि त्या सगळ्या नर, हे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञानं १९१२ साली लिहिलं. मिथाइल युजेनॉल हा मादीचा गंध नाही, वनस्पतीचा आहे. आपल्या तुळशीतही असतो. नर तो मिशीनं हुंगतात, तोंडानं चाटतात आणि पोटात त्याचं रूपांतर करून मादीला भुलवायचा स्वतःचा गंध बनवतात. आजी तुळशीपाशी बसून वाती वळायची तेव्हा पानांवर पिवळ्या पट्ट्यांच्या बारीक माश्या कधी येऊन बसत. त्या कशाला येत असतील, हे तेव्हा कुणालाच पडलेलं नव्हतं.

कामगंध सापळा फक्त नर मोजतो. मादी त्यात येत नाही, आणि बोंडावर अंडी घालणारी तर तीच. ती तिच्या मिशांनी, पायांनी झाड चाचपते, बोंडाच्या बुडाशी, पाकळीच्या आडोशाला जागा निवडते. तिला अडवायला एक साधी गोष्ट पुरते, तिच्या मिशीला ओळखता येईल असं झाड शेतात ठेवायचंच नाही. कपाशी डिसेंबरअखेर उपटायची, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचायचे नाहीत, कारण उरलेल्या बोंडांत अळी झोपून राहते आणि पुढच्या हंगामात उठते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सगळे फरदड, म्हणजे हंगामानंतर पाणी देऊन लांबवलेलं पीक, घेऊ नका म्हणून सांगतात. पण विहिरीला पाणी असलं, की जानेवारी-फेब्रुवारीतला तो शेवटचा वेचा सोडवत नाही. दादाचंही तेच. "दोन-चार क्विंटल का फेकून देऊ?" त्याचा हिशेब चुकीचा आहे असं मला फोनवर म्हणवत नाही, कारण खतवाल्याची उधारी त्याला भागवायची असते. यंदा वहिनीनं वाद मिटवला. "पऱ्हाटी काढून टाका, तिथं हरभरा पेरू," म्हणाली, आणि तालुक्याला जाऊन बियाणं घेऊनही आली.